डफ शेकून घेतल्यावर

कसब्यातल्या आमच्या मंडळाच्या गणपतीचं वेळापत्रक वर्षानुवर्षं तेच. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, बायकांची पाककला, एक दिवस सत्यनारायण आणि रविवार गाठून ऑर्केस्ट्रा. अधल्यामधल्या वारी पोवाडा बसवलेला असे. वर्गणीच्या पावतीवर महाराजांचं चित्र छापायचं आणि पोवाडा ठेवायचा नाही, हे बरं दिसलं नसतं, एवढंच कारण. पुढे आजोबामंडळी, मागे आम्ही पोरं, सगळं लक्ष प्रसादाच्या पातेल्याकडे.

मग एका वर्षी ते शाहीर आले. फेटा, अंगरखा, कमरेला शेला, सगळं रीतसर. पण आल्या आल्या त्यांनी माइक तपासला नाही. ‘इस्त्रीवाला कुठं बसतो?’ असं विचारलं. भाद्रपदातली दमट हवा, डफाचं कातडं सर्दावलेलं. थाप मारली की नुसतं ‘भद्’. गल्लीच्या तोंडाशी कोळशाची इस्त्री चालवणारे काका होते. त्यांच्या निखाऱ्यांवर हातभर उंच धरून शाहीर डफ गोल फिरवत राहिले. मधूनच बोटानं टिचकी, कान लावून ऐकणं, पुन्हा शेक. कातडं ताणलं आणि आवाज खणखणीत निघाला तेव्हा आम्ही सगळी पोरं भोवती जमलो होतो. ‘चला, तुम्हीच माझे झीलकरी,’ म्हणाले. ‘जी जी रं जी’ कुठे उचलायचं ते तिथेच फुटपाथवर शिकवलं.

पोवाडा तानाजीचा, तुळशीदासाचा. 1670 च्या सिंहगडाच्या लढाईवरचा. आधीचे शाहीर थेट कड्यावर चढायचे आणि तलवारी काढायचे. आवाज जितका मोठा तितकी टाळी जास्त. हे मात्र प्रतापगडावरच रेंगाळले. जिजाऊ आणि शिवराय सारीपाट खेळताहेत, डाव आईकडे झुकतोय आणि पणाला काय मागावं तर समोरचा किल्ला! तिथे डफ बंद, फक्त तुणतुण्याची एक तार. मग उमरठ्याला रायबाच्या लग्नाची गडबड. अक्षता द्यायला गेलेला तानाजी मोहीम घेऊन परततो, हे त्यांनी इतक्या सावकाश उलगडलं की पुढच्या रांगेतल्या एक आजी डोळ्यांना पदर लावून बसल्या. लढाई अजून सुरूही व्हायची होती.

शब्द जुनेच होते. बदलली होती ती फक्त चाल आणि थांबायच्या जागा. हल्ली कीबोर्ड, ऑक्टोपॅड लावून पोवाडा ‘नव्या पिढीसाठी’ करतात. मला त्यात पोवाडा कमी आणि गोंगाट जास्त ऐकू येतो. असो.

मधल्या गद्यात शाहीर खूप सांगत. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा, 1869 सालचा जोतीराव फुल्यांचा, गिरणगावात डफ घेऊन उभे राहिलेले अण्णाभाऊ आणि अमर शेख. आमच्या वाड्यातले एक निवृत्त मास्तर उठून म्हणालेच, ‘शाहीर, घोरपडीची गोष्ट इतिहासात बसत नाही. आणि सिंहगड हे नाव लढाईच्या आधीच्या कागदांतही आहे.’ मांडव गप्प. शाहिरांनी हात जोडले. ‘बरोबर आहे मास्तर. कागद तुम्ही सांभाळा, घोरपड माझ्याकडे राहू द्या.’ आणि डफावर थाप. सर्वांत मोठ्यानं मास्तरच हसले.

दहा वाजत आले तसे हवालदार मांडवाबाहेर घुटमळायला लागले. शाहिरांनी स्पीकर बंद करायला सांगून शेवटचं कडवं नुसत्या गळ्यावर म्हटलं. झील आम्ही इतकी ताणली की पलीकडच्या मंडळाचे कार्यकर्ते बघायला आले.

पुढच्या वर्षीच्या बैठकीत पोवाडा रविवारी घ्यायचा ठराव आला. ऑर्केस्ट्रावाल्या गटानं तासभर भांडण केलं, खजिनदारांनी राजीनाम्याची धमकी दिली. अखेर ऑर्केस्ट्रा बुधवारी गेला. इस्त्रीवाल्या काकांना मात्र त्या रविवारी उशिरापर्यंत दुकान उघडं ठेवायची विनंती आधीच करून ठेवली होती.