पॅच लावण्याआधी रॉमची ओळख पटवा

पोकेमॉनचा एखादा हॅक, म्हणजे चाहत्यांनी बदललेला गेम, सुरू केला आणि पडदा पांढराच राहिला, की शिव्या एम्युलेटरला, म्हणजे जुन्या कन्सोलचे गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रामला, पडतात. तो बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. पॅच (फक्त बदलांची फाइल) ज्या रॉमसाठी, म्हणजे मूळ गेमच्या ज्या फाइलसाठी, बनवला होता, ती रॉम तुमच्याकडे नव्हतीच, एवढंच झालेलं असतं.

फायररेड या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरच्या (जीबीए) पोकेमॉन गेमच्या अमेरिकी रॉमच्या दोन आवृत्त्या आहेत, १.० आणि १.१. खेळताना फरक जाणवत नाही, पण आतला कोड सरकलेला असल्यामुळे त्याच गोष्टींचे पत्ते वेगळे असतात. अनबाउंड, रॅडिकल रेड हे हॅक १.० वर उभे आहेत. १.१ वर तोच पॅच लावला, की नवा कोड भलत्याच जागी जाऊन बसतो. १.० चा सीआरसी३२ (फाइलमधल्या बाइटांवरून निघणारा पडताळणीचा आकडा) आहे डीडी८८७६१सी, आणि एमराल्ड या दुसऱ्या जीबीए पोकेमॉन गेमच्या अमेरिकी रॉमचा १एफ१सी०८एफबी. दोन्ही फाइली बरोब्बर १,६७,७७,२१६ बाइटच्या. हेक्स एडिटर (फाइलमधले बाइट दाखवणारा प्रोग्राम) हाताशी असेल तर पत्ता एसी (हेक्समध्ये) पाहा: फायररेडमध्ये तिथे ‘बीपीआरई’ हा गेम कोड दिसतो. पत्ता बीसीवरचा बाइट ०० असेल तर १.०, ०१ असेल तर १.१.

रॉम स्वतःच्या कार्ट्रिजमधून काढायची. जीबीएक्सकार्टसारखा रीडर त्यासाठी पुरतो. सीआरसी जुळला नाही तर आधी कार्ट्रिजच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पुन्हा वाचा. दोन वाचनांचे सीआरसी एकमेकांशीच जुळत नसतील तर दोष संपर्काचा. जुळतात पण वर दिलेल्या आकड्याशी नाही, तर आवृत्ती किंवा भाषा वेगळी आहे, नाहीतर कार्ट्रिजच नकली. हॅकवाले फक्त पॅच वाटतात, रॉम नाही, कारण मूळ गेमचे हक्क त्यांचे नाहीत. अर्थात तेवढ्याने संरक्षण मिळतंच असं नाही. क्रिस्टल या पोकेमॉन गेमवर बेतलेल्या प्रिझम या हॅकला डिसेंबर २०१६ मध्ये, प्रकाशनाच्या तोंडावर, निन्टेन्डोची नोटीस आलीच.

आता पॅचचा प्रकार: आयपीएस की बीपीएस. आयपीएस काहीच तपासत नाही. ‘या पत्त्यावर हे बाइट लिही’ एवढंच त्याला कळतं, म्हणून चुकीच्या रॉमवरही तो मुकाट्याने लागतो आणि गेम तीन तासांनी कुठल्यातरी गुहेच्या दारात कोलमडतो. शिवाय त्याचा पत्ता तीनच बाइटचा, त्यामुळे १६ एमबीपलीकडे त्याला लिहिता येत नाही. ३२ एमबीपर्यंत फुगवलेल्या हॅकला तो निरुपयोगी. बीपीएसमध्ये मूळ रॉमचा, तयार होणाऱ्या रॉमचा आणि खुद्द पॅचचा सीआरसी साठवलेला असतो. फ्लिप्स या पॅच लावणाऱ्या प्रोग्रामला चुकीची रॉम दिली की तो तिथेच नकार देतो. आजही कुणी जीबीएचा हॅक फक्त आयपीएसमध्ये देत असेल तर तो निव्वळ आळस आहे. आणि हॅकच्या नव्या आवृत्तीचा पॅच जुन्या हॅकवर लावू नका, दरवेळी कोऱ्या रॉमपासून सुरुवात करा.

‘द १एम सब-सर्किट बोर्ड इज नॉट इन्स्टॉल्ड’ हा संदेश दिसला तर रॉम बिघडलेली नाही. फायररेड आणि एमराल्डला १२८ केबी, म्हणजे १ मेगाबिटचं फ्लॅश सेव्ह लागतं आणि एम्युलेटरने ६४ केबीचं दिलंय. सेव्हचा प्रकार ‘फ्लॅश १२८के’ करा, चुकीच्या आकाराची सेव्ह फाइल बाजूला काढा आणि गेम पुन्हा सुरू करा.

हॅकची आवृत्ती बदलताना सेव्ह स्टेट (एम्युलेटरने टिपलेली त्या क्षणाची स्थिती) वापरू नका. त्यात पूर्ण रॅमची प्रत असते, आणि त्या रॅममधले पत्ते जुन्या रॉमचे. गेममधूनच सेव्ह करा, तेही पोकेमॉन सेंटरमध्ये उभं राहून. सेव्हमध्ये नकाशाचा क्रमांक आणि तुमची जागा असते; नव्या आवृत्तीत नेमकी तिथे भिंत आली असेल तर सुटका नाही.

स्वतः बदल करायचे असतील तर आता हेक्स एडिटरशी झटापट करायची गरज नाही. प्रेट या गटाने पोकेएमराल्ड नावाने एमराल्डचा सी भाषेतला कोड पुन्हा उभा केला आहे. तो उतरवल्यावर काहीही न बदलता आधी ‘मेक कम्पेअर’ ही आज्ञा चालवा. शेवटी ‘ओके’ आलं म्हणजे तुमची रॉम मूळ रॉमशी बाइटन्‌बाइट जुळली, अवजारं नीट बसली. हे न करता बदल सुरू केले तर पुढे घोटाळा तुमचा की कम्पायलरचा, हे कळत नाही.

सुरुवात कडाब्रा या पोकेमॉनपासून करा. उत्क्रांतीच्या तक्त्यात त्याच्यापुढे ट्रेडची, म्हणजे दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदलीची, अट आहे. तिच्या जागी लेव्हलची अट आणि ३७ लिहिलं की अलाकझाम या त्याच्या पुढच्या रूपासाठी दुसऱ्या खेळाडूची वाट पाहावी लागत नाही. जंगली पोकेमॉनची यादी जेसन फाइलमध्ये आहे. गवतासाठी १२ जागा, आणि त्यांचे टक्के क्रमाने २०, २०, १०, १०, १०, १०, ५, ५, ४, ४, १, १. शेवटच्या जागेवर राल्ट्स ठेवलात तर शंभर भेटींत सरासरी एकदा दिसेल. हा क्रम न पाहता नावं भरली की एकच झुबॅट ४० टक्के वेळा आडवा येतो आणि लोक हॅक सोडून देतात.

सेव्ह ब्लॉकच्या (सेव्ह फाइलमध्ये साठवल्या जाणाऱ्या माहितीच्या) रचनेत मात्र मध्येच नवं काही घुसवू नका. पुढचं सगळं सरकतं आणि जुन्या सेव्हमध्ये बॅगेच्या जागी कचरा वाचला जातो. नव्या खुणांसाठी न वापरलेले फ्लॅग आधीच आहेत, ते घ्या.

पॅच बनवताना फ्लिप्स आधी मूळ रॉम विचारतो, मग बदललेली. क्रम उलटला तरी पॅच बनतो, फक्त तो तुमच्या हॅकची मूळ रॉम करणारा असतो, आणि कोरी रॉम घेऊन बसलेल्या प्रत्येकाला नकार मिळतो.