भोपळ्यांच्या पुरानंतरचा पूल

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनहून पाऊण-एक तासावर वॉशिंग्टन क्रॉसिंग आहे. 1776 च्या नाताळच्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टनने बर्फाळ डेलावेअर नदी ओलांडून ट्रेंटनवर छापा घातला, ती ही जागा. भारतातून कोणी आलं की इकडे न्यायचंच, हा आमच्या घरचा शिरस्ता. यंदा सासऱ्यांना नेलं. बाबांनी वॉशिंग्टनला नमस्कारापुरताच वेळ दिला. त्यांची नजर पुलावर.

1904 सालचा पूल. 877 फूट लांब, सहा गाळे, दोन्ही अंगांना एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या लोखंडी पट्ट्या. रस्ता जेमतेम 15 फूट, आणि त्यातूनच जाणाऱ्या-येणाऱ्या दोन्ही गाड्या! पहिल्यांदा इथे गाडी घातली तेव्हा मी पोट आत ओढून बसले होते, जणू त्याने गाडी बारीक होणार. समोरून एखादी धिप्पाड एसयूव्ही आली की आजही आरसा जातो की काय, असं होतं. 3 टनांहून जड वाहनाला मज्जावच. खाली डांबर नाही, पोलादी जाळी. टायर लागले की घुंगुरमाशीसारखा आवाज.

आम्ही पादचारी पट्टीवरून निघालो. "अगं, या तर कैच्या! आपल्या जुन्या वखारीच्या छपराला होत्या तशा," बाबा म्हणाले. "नुसता चौकोन डुलतो. त्यात तिरकी पट्टी मार, त्रिकोण होतो. मग हलवून दाखव."

दगडी खांब मात्र पुलाहून जुने, 1830 च्या दशकातले. त्यांच्यावर आधी लाकडी पूल होता. ऑक्टोबर 1903 च्या पुरात तो वाहून गेला. शेतातले भोपळे पाण्यावर तरंगत आले, म्हणून लोक त्याला 'भोपळ्यांचा पूर' म्हणतात. हे सांगताना मला हसू आलं. बाबांना नाही.

बाबा महाडचे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा पूल गेला, दोन एसट्या गेल्या. पुढचे कित्येक दिवस ते काठावर जाऊन उभे राहायचे.

"हा कधी गेला नाही?"

"1955 च्या पुरात मार खाल्ला, पण टिकला. खालच्या अंगाचा यार्डलीचा पूल मात्र गेला."

त्यांनी वाकून खांबाला आपटणारं पाणी बराच वेळ पाहिलं.

परतताना मी गाडीचं दार उघडलं, तर म्हणाले, "तू गाडी घेऊन पुढे हो. मी पलीकडे चालत येतो."