बुकात नसलेली लेक

मेडल्स नंतर, आधी डिस्चार्ज बुक दाखवा, असं मी प्रत्येक माजी सैनिकाला सांगतो. बुक म्हणजे सैन्यातून सुटताना मिळणारं, नोकरीच्या आणि कुटुंबाच्या नोंदींचं पुस्तक. सातारा जिल्ह्यात माजी सैनिकांची कामं करणारा कल्याण संघटक म्हणून फिरताना लागलेली ही सवय. त्या दिवशी तहसीलला नाना आले ते कोटावर मेडल्स लावूनच. 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल', 71 च्या युद्धाची दोन्ही, घासूनपुसून लख्ख. नाना जंगी पलटणीचे, म्हणजे 1 मराठा लाइट इन्फंट्रीचे. डिसेंबर 1971 मध्ये, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या दक्षिणेला टांगाईलचा रस्ता पलटणीने अडवला होता, आणि 10 तारखेच्या रात्री वेढ्यातून निसटू पाहणारी पाकिस्तानची 31 बलूच पलटण नेमकी त्याच रस्त्याने आली. नाना तेव्हा एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर होते. हे सांगताना त्यांचा आवाज चढला, तशा सोबत आलेल्या काकू, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "अहो, कामाचं बोला."

काम काकूंच्या नावाचं होतं. लग्नात नाव बदललेलं, पण पलटणीत गेलेले कागद माहेरच्या नावाचे. आधार, पॅन, बँक सासरच्या नावावर. पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, त्यांची जन्मतारीखही कोरी. अशा केसेस आठवड्याला येतात. नवरा हयात असेल तर त्याच्या सहीचा अर्ज, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, आधार-पॅनच्या प्रती आणि दोघांचा एकत्र फोटो एवढं जोडून आमच्यामार्फत रेजिमेंटच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला जातं. तिथे पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैनिकाच्या कौटुंबिक नोंदीचा आदेश, निघते आणि प्रयागराजच्या लष्करी पेन्शन कार्यालयाकडून दुरुस्तीचा पीपीओ. हेच नवऱ्यामागे करायचं म्हटलं, तर बाईला स्वतःची ओळखच सिद्ध करत बसावं लागतं, आणि तोवर कुटुंब निवृत्तिवेतन अडकतं. जन्मतारखेचंही तसंच. ऐंशीव्या वर्षी 20 टक्के वाढ मिळते, पण रेकॉर्डला तारीख नसेल तर वय मोजायचं कशावरून?

अर्ज भरताना अपत्यांचा रकाना आला. नाना म्हणाले, "तीन." बुकात दोनच, दोन्ही मुलगे. पानं उलटसुलट करून पाहिली.

"नाना, बुकात दोनच लेकरं हायत."

नाना गप्प. काकूंनीच सांगितलं. मधली मुलगी जन्मापासून मतिमंद, आता पन्नाशीची, अंघोळीपासून सगळं दुसऱ्याच्या हातून. 1974 साली नाना रजेवर असताना झाली. ग्रामपंचायतीचा दाखला हातात पडायच्या आत रजा संपली आणि दाखल्याशिवाय युनिटमध्ये ऑर्डर निघाली नाही. पुढे पोस्टिंग बदलत गेली आणि ते राहूनच गेलं. 1983 ला नाना पेन्शनीत आले. मुलीला आपल्यामागे काही मिळू शकतं, हे या घरात कुणी सांगितलंच नव्हतं. याचा मला राग येतो, कारण नियम नवा नाही. आईवडिलांनंतर, कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला तहहयात कुटुंब निवृत्तिवेतन आहे, आणि त्याचं नाव पेन्शनर जिवंत असतानाच पीपीओवर चढवून ठेवता येतं.

नावाची दुरुस्ती बाजूला ठेवून आधी मुलीचं काम धरलं. गावच्या जन्मरजिस्टरमध्ये नोंद सापडली, पण बापाचं नाव, तारीख, लिंग "स्त्री", आणि मुलीच्या नावाचा रकाना रिकामा. ही आमच्याकडची नेहमीची अडचण. बारशाआधी नोंद व्हायची आणि नाव सांगायला परत कुणी जायचं नाही. आधी तिथे नाव चढवून घेतलं, मग दाखला. नोंदच नसती, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागला असता.

दिव्यांगत्वाचा दाखला घरात होता, 75 टक्के. नुसते टक्के चालत नाहीत. "स्वतःची उपजीविका करू शकत नाही" हे वाक्य वैद्यकीय बोर्डाने लिहून द्यावं लागतं, आणि कायमस्वरूपी असा शेरा हवा. तात्पुरता असला की कागद परत येतात. रेकॉर्ड ऑफिसने लष्करी रुग्णालयाच्या बोर्डाचा कागद मागितला, म्हणून पुण्याची वारी झाली.

राहिला मुलीचा कायदेशीर पालक. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. आईवडिलांमागे कोण, असं विचारल्यावर थोरला मुलगा पुढे सरसावला. नाना म्हणाले, "नाय. धाकट्या सूनबाईचं नाव घाला. ती तिची वेणी घालती." मुलगा नाराज झाला. मी तेच नाव लिहून घेतलं, कारण पैसे ज्याच्या खात्यात येणार त्यापेक्षा रोज अंगावरचं करणारं माणूस मला जास्त भरवशाचं वाटतं.

जन्माची पार्ट टू ऑर्डर निघाली, त्यावर मुलीचं ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्डही झालं. काकूंच्या नावाची फाइल त्याच्या मागोमाग पाठवली आहे. नानांना तेवढ्यात डिस्चार्ज बुक लॅमिनेट करायचं होतं, नको म्हटलं. लॅमिनेट केलेल्या पानावर पुढची नोंद आणि शिक्का घेता येत नाही, आणि प्लास्टिक सोलायला गेलं की जुनी शाई त्याच्याबरोबर निघून येते.