गरम झाली की बंद पडते, कॉइल बदलू का?

जुनी प्रीमियर पद्मिनी बाळगणारे मला हटकून एकच प्रश्न विचारतात. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू होते, वीसेक मिनिटं छान पळते, मग मिसिंग मारत बंद पडते. अर्ध्या तासानं पुन्हा चालू, जणू काही झालंच नव्हतं. मेकॅनिक म्हणतो कॉइल गेली, म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टांचे प्लगसाठी हजारो व्होल्ट करणारी डबी. बदलू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: बदलाल, पण आधी गाडी बंद पडलेली असताना, तिथेच, गरम असतानाच तपासा. थंड करून गॅरेजात नेलेली कॉइल निर्दोषच सुटणार. आतल्या तारेवरचं इन्सुलेशन म्हातारं झालं की ते तापल्यावरच दगा देतं. मल्टिमीटरचंही तेच. साध्या बारा व्होल्टच्या कॉइलमध्ये प्रायमरीचा, म्हणजे बॅटरीकडच्या वेढ्यांचा, रेझिस्टन्स ३ ओहमच्या आसपास, सेकंडरीचा, म्हणजे प्लगकडच्या वेढ्यांचा, काही हजार ओहम. खराब कॉइलवरही मीटर हे आकडे दाखवील, कारण त्याची बॅटरी जेमतेम काही व्होल्टची. प्लगला लागतात हजारो व्होल्ट.

मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी होत्या तोवर नाक्यावर पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी टोकं, घासून देणारा कुणीतरी भेटायचाच. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली, आणि ती माणसंही पांगली. आजचा पोरगा स्कॅनर लावायला सॉकेट शोधतो, ते मिळत नाही, मग दुकानात जे मिळतं ते बदलतो.

आणि बहुतेक वेळा खरा चोर असतो कंडेन्सर, पॉइंटला जोडलेली छोटी डबी. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये करंट वाहतो, पॉइंट उघडले की तो एकदम तुटायला हवा. तो झटक्यात तुटला तरच सेकंडरीत मोठा व्होल्टेज उठतो. कंडेन्सर मेला की करंट पॉइंटवरच ठिणगी पाडत रेंगाळतो, प्लगवर पिवळट, रोडका करंट येतो आणि नाव कॉइलचं. डेल्कोची, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, कॅप काढून पाहा: पॉइंट काळेनिळे जळलेले दिसले तर आधी संशय कंडेन्सरवर. आणि तोही तापल्यावरच रुसतो, म्हणून घोळ.

तर बंद पडली की कॅपच्या मधली मोठी वायर काढा, इन्सुलेटेड पकडीनं धरून इंजिनच्या स्वच्छ लोखंडापासून पाचसहा मिलिमीटर लांब ठेवा, कार्बोरेटरपासून दूर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. कडकडीत निळी ठिणगी आली तर कॉइलला हात लावू नका. कॅप आणि तिच्याखाली फिरणारा रोटर बघा, नाहीतर पेट्रोल. मे महिन्यात बोरघाट चढताना इंजिनवरच्या पेट्रोल पंपात वाफ धरली तरी लक्षणं हीच. पंपावर ओलं फडकं टाकून गाडी चालू झाली तर प्रश्न मिटला. ते फडकं कॉइलवरही टाकून बघता येतं, पण एका वेळी एकावरच, नाहीतर कशामुळे सुटली ते कळायचं नाही.

ठिणगी नसेल तर टेस्टर बल्ब काढा. एक टोक कॉइलच्या डेल्कोकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला, आणि सेल्फ. बल्ब लुकलुकला तर पॉइंट काम करताहेत. सतत पेटून राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा डेल्कोच्या आतली पॉइंटकडे जाणारी बारीक वायर तुटलीय. पेटलाच नाही तर कॉइलच्या दुसऱ्या टर्मिनलला किल्लीकडून करंट येतो का बघा. येत असेल तर कंडेन्सरची वायर सोडवून पुन्हा सेल्फ मारा. आता लुकलुकला तर कंडेन्सर शॉर्ट. बल्ब लुकलुकतोय तरी ठिणगी नाही, असं असेल तर दुसरा, चांगला कंडेन्सर त्याच टर्मिनल आणि बॉडीमध्ये बाहेरूनच जोडा. ठिणगी आली तर काम स्वस्तात झालं. नाही आली, तर मग खुशाल कॉइल बदला.

नवी घेताना दुकानदाराला रेझिस्टन्स विचारा. दीड ओहमची कॉइल बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे कॉइलच्या आधी करंट कमी करणारा वेगळा रेझिस्टर, असलेल्या गाडीसाठी असते. ती तशीच लावली तर ४ अँपिअरच्या जागी ८ वाहतात, पॉइंट जळतात आणि नवी कॉइलही तापून जाते. तसंच इंजिन बंद करून किल्ली चालू ठेवत गाणी ऐकायची सवय असेल तर ती सोडा. पॉइंट मिटलेले राहिले तर तो सगळा वेळ कॉइल भाजत असते.