तुम्ही विचारलंत म्हणून: गटात एकच मूल राबतं, त्याचं काय?

"गटात काम दिलं की एक हुशार मुलगी सगळं करते आणि बाकीचे बसून राहतात. मग हा हट्ट कशाला?" पालक विचारतात, नवे शिक्षकही विचारतात.

तक्रार खरी आहे, आणि जुनीही. रिंगलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. माणसं वाढली तसा प्रत्येकाचा वाटा घटत गेला. १९१३ साली हे छापून आलं. मोठी माणसं अंग चोरतात, तिथे सातवीतल्या पोरांना काय बोलायचं!

माझ्या मते खोट कामातच असते. 'प्रकाशसंश्लेषणाचा तक्ता करा' म्हटलं की ज्याचं अक्षर चांगलं त्याच्या हाती स्केचपेन जातं आणि विषय संपतो. एकट्याने उरकेल असं काम चौघांना देऊन ते चौघांचं होत नाही.

अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांमध्ये काळी-गोरी मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि वातावरण तापलेलं होतं. तिथे १९७१ मध्ये एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर. म्हणजे अडखळत बोलणाऱ्याचंही ऐकावंच लागणार.

मीही तेच करते. एकाकडे मुळांतून येणारं पाणी, एकाकडे कार्बन डायऑक्साइड, एकाकडे हरितद्रव्य, एकाकडे तयार होणारी साखर. सारखा तुकडा मिळालेली मुलं आधी एकत्र बसतात, शंका सोडवतात, मग आपापल्या गटात जाऊन शिकवतात. ही मधली बैठक घाईत गुंडाळायची नाही. कच्च्या मुलाची तालीम तिथेच होते, आणि एरवी मान खाली घालून बसणारा गटात परतल्यावर तोंड उघडतो. शेवटी चिठ्ठी काढते, नाव येईल त्याने कोणत्याही तुकड्यावर उत्तर द्यायचं.

गट मीच पाडते. या वयात 'तुम्ही निवडा' म्हटलं की कुणीतरी उरतंच, आणि ते त्याला वर्षभर सलतं. गुण एकेकट्याचे. अपूर्णांकांच्या बेरजेचा सराव मात्र ज्याने त्याने आपल्या वहीत करायचा, तिथे गट नको. गोंगाट? होतो.

राहिली ती हुशार मुलगी. तिला माझा नियम असा की दुसऱ्याच्या तुकड्यावर फक्त प्रश्न विचारायचे, उत्तर सांगायचं नाही. ती जाम वैतागते. घरी जाऊन तक्रारही करते. तुमच्यापर्यंत पोचते ती बहुधा तीच.