आई भाकरी कुस्करून खायला लागली तेव्हा

घास गिळायला त्रास होतो असं आई कधीच म्हणाली नाही. तिने फक्त जेवण बदललं. आधी भाकरीचा पापुद्रा तेवढा खायची, मग आमटीत कुस्करून, आणि गणपतीत मी कराडला गेले तेव्हा ती दूधभातावर आली होती. विचारलं तर म्हणाली, "कवळी नीट बसत नाही गं." पटलं मला. नवी कवळी करून आणली.

मग लक्ष गेलं तांब्याकडे. घासागणिक पाण्याचा घोट, मध्येच छातीवर हात ठेवून थांबणं. ब्लाउजला तिने आतून टाके घातले होते. वजन केलं तर ४७ किलो. मोतीबिंदूच्या वेळच्या कागदावर ५४ होतं, त्याला वर्षही झालं नव्हतं.

गावातल्या डॉक्टरांनी दोन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या होत्या. त्याने जळजळ गेली, म्हणून सगळे निर्धास्त. घास अडकतो का, हे कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. मिसरीचं तेच. ४० वर्षं दोन्ही वेळा मिसरी लावणारी आई "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला अगदी प्रामाणिकपणे "नाही" म्हणते. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण आमच्याकडच्या बायका ती तंबाखूत धरत नाहीत.

पुण्याला आणून दुर्बिणीची तपासणी केली. रात्रीपासून उपाशी, घशात बधिर करणारा फवारा, डाव्या कुशीवर झोपवून नळी. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. (तिच्या मते सगळ्यात वाईट तो फवारा. कडूजहर.) अन्ननलिकेत, दातांपासून २८ सेंटीमीटरवर गाठ. तपासायला काढलेल्या गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट पाच दिवसांनी आला: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे अन्ननलिकेचा कॅन्सर. ते पाच दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही.

डॉक्टरांनी कागदावर नळी काढून दाखवली. अन्ननलिका ताणली जाते, त्यामुळे ती बरीच अरुंद होईपर्यंत काही जाणवतच नाही. आधी भाकरी अडकते, मग भात, शेवटी पाणी. आईचं पाणी अजून उतरत होतं. आवाज बसला नव्हता, पाणी पिताना ठसका लागत नव्हता, आणि पूर्ण शरीराच्या पेट (PET) स्कॅनमध्ये गाठ दुसरीकडे पसरलेली दिसली नाही.

पाच आठवडे रेडिएशन (तिथे सगळे त्याला 'लाईट' म्हणतात), सोबत दर आठवड्याला केमो. दीड-दोन महिन्यांनी ऑपरेशन. अन्ननलिकेचा बराचसा भाग काढून जठराचीच नळी करून वर जोडली. आता ती दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खाते, जेवल्यावर लगेच आडवी होत नाही आणि उशाकडची बाजू उंच करून झोपते. मिसरी सुटली. ठेचा कधी खाता येईल, हे मात्र प्रत्येक तपासणीला विचारते.

मावशीची मिसरी अजून चालू आहे. दिवाळीत ती जेवायला बसली, तर मी सारखी तिच्या ताटाकडेच बघत होते.