ओनी बाहेर, आबाजी घरात

गृहभेटीच्या वहीत विषयाच्या रकान्यात मी ‘जपान’ लिहिलं, तेव्हा पर्यवेक्षिका मॅडम हसायलाच लागल्या. अंगणवाडी सेविकेचे विषय ठरलेले असतात: वजन, लसीकरण, पूरक आहार. पण झालं ते असं.

फेब्रुवारी नुकताच लागला होता. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव कापूस-सोयाबीनचं. एका घरी गेले, तर आई अडीच वर्षांच्या चिऊला मोबाइल दाखवत घास भरवत होती. मोबाइलमध्ये जपानी पोरं लाल तोंडाच्या, शिंगवाल्या राक्षसावर मुठीमुठीनं दाणे फेकत होती. चिऊ घास तोंडात धरून बसलेली.

तो सण मी वाचलेला होता. सेत्सुबुन. तिकडच्या जुन्या पंचांगाप्रमाणे वसंत लागायच्या आदल्या दिवशी येतो, बहुतेक ३ फेब्रुवारीला. राक्षसाला म्हणतात ओनी. ‘ओनी वा सोतो, फुकू वा उची’ असं ओरडत दाणे फेकायचे, म्हणजे ओनीनं बाहेर जावं आणि घरात सुख यावं. दाणे भाजलेल्या सोयाबीनचे.

“सोयाबीन?” ओट्यावर बसलेले आबाजी एकदम म्हणाले. “भाव काय हाय, न तुमी फेकाले लावता काय बाई?”

मी सांगितलं, भाजलेलंच घेतात, कारण फेकलेला दाणा उगवणं तिकडे अशुभ मानतात.

“मंग आमची बियाण्याची बॅगच न्या म्हणा. ते कुठं उगवते!”

यावर काय बोलणार?

मी मोबाइल बाजूला ठेवायला लावला. या वयाच्या लेकराला नकाशा दाखवा, झेंडा दाखवा, त्याला तो नुसता रंगीत कागद. देश त्याच्या हातात, नाकात, कानात गेला तर जातो. आजीनं चुलीवर मूठभर सोयाबीन भाजलं, चिऊनं वास घेतला. झाकण घट्ट लावलेल्या डब्यात दाणे घालून खुळखुळा केला. हातात मात्र एकही दाणा दिला नाही. कडक दाणा श्वासनळीत अडकतो, म्हणून जपानमध्येही पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना असे दाणे देऊ नका, असं सरकारच सांगतं. फेकायला आम्ही जुन्या पेपरचे बोळे केले. चुरगाळता चुरगाळता बोटांचा व्यायाम होतो तो वेगळाच. मोठ्यांनी वयाएवढे दाणे खायचे असतात म्हटल्यावर आबाजी म्हणाले, “दात आणून द्या पयले.”

दारावर ओनी येऊ नये म्हणून तिकडे काटेरी फांदीला सार्डिन मासोळीचं डोकं खोचून लावतात, हेही मी सांगितलं. माळकरी आजीनं कानावर हात ठेवले. “मासोळीचं मुंडकं? दाराले?” मग स्वतःच्या दारावरच्या लिंबू-मिरचीकडे पाहून गप्प झाली. थोड्या वेळानं मात्र म्हणाली, “म्हंजे आपल्या मारबतीसारखंच की. इडा पिडा घेऊन जा गे मारबत!” नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक तिनं लहानपणी पाहिलेली.

मुखवटा पुठ्ठ्याचा. तो चिऊच्या हातूनच रंगवून घेतला. आयता भेसूर मुखवटा घालून समोर उभं राहिलं की लेकरं भेदरतात. स्वतः रंगवलेल्याची भीती कमी वाटते. ओनी कोण होणार? जपानमध्ये बहुधा बापच होतो, पण इथं बाप शेतात तुरीच्या कामाला. शेवटी आबाजी.

चिऊनं चार-पाच बोळे नेम धरून मारले. खिदळत होती. आबाजीही रंगात आले, “गेलो वं माय, गेलो!” करत वाकून दाराबाहेर पडले. तशी चिऊ थबकली. धोतर ओळखीचं होतं. हातातला बोळा टाकून ती दाराकडे धावली न रडतच ओरडली, “आबाजी नको जाऊ! ओनी घरी ये!”

तिनं त्यांचं धोतर धरून त्यांना आत आणलं, मुखवट्यासकट. पाटावर बसवलं. स्वतःच्या ताटलीतला भात मुखवट्याच्या तोंडाला लावला.

सण उलटा झाला, असं आईला वाटलं. पण जपानमध्ये योशिनोच्या किंपुसेन-जी मंदिरात सेत्सुबुनला ‘सुख आत, ओनीही आत’ असंच म्हणतात. ठिकठिकाणहून हाकललेल्या ओनींना तिथं बोलावून घेतात. मी ते सांगितलं तेव्हा आबाजी मुखवटा न काढताच भाजलेलं सोयाबीन चघळत होते. “थ्या मंदिरात जेवाले काय देते?” त्यांनी विचारलं.